दोराचा रंग

समोरच्या गोदामाच्या भिंतीवरचा हिरवा पडदा खाली आला, तेव्हा शेडवाली स्वयंपाकघरात दुधावर लक्ष ठेवून उभी होती. खाली टाळ्या वाजल्या म्हणून तिने खिडकीबाहेर पाहिलं, तर समोर तिचा नवरा. मरून आठ वर्षं झालेला नवरा, तीन मजले उंच, हसऱ्या चेहऱ्याचा. त्याचा एक डोळा तिच्या खिडकीएवढा होता आणि तो नेमका तिच्या खिडकीसमोर आला होता. दूध उतू गेलं, शेगडी विझली, आणि गॅसचा वास नाकात जाईपर्यंत ती तशीच उभी राहिली.

शेडवाली हे तिचं नाव नव्हे. चौकातल्या रंगाच्या दुकानात ती शेड मिसळायच्या टेबलावर काम करायची, म्हणून सगळी वस्ती तिला शेडवाली म्हणायची. गिऱ्हाइकाने उशीचा अभ्रा आणला, बशीचा तुकडा आणला, तरी ती त्यावर एक नजर टाकून डबा उघडायची, दोन थेंब हा, एक थेंब तो, आणि हुबेहूब तोच रंग काढून द्यायची. मालक तिच्यावर दुकान टाकून खुशाल जेवायला जायचा.

आणि तिच्या संतापाचं पहिलं कारण हेच होतं. गेले पंधरा दिवस त्या पडद्याआड जे चाललं होतं, त्याचा थेंब न् थेंब रंग तिने मिसळला होता. बाहेरगावाहून आलेला तो चित्रकार रोज सकाळी चिठ्ठी घेऊन यायचा. अंगाचा रंग, जरा रापलेला. शर्टाचा निळा, धुवून विटलेला. ओठांचा. दोराचा तपकिरी. तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. कुठल्यातरी बनियनची जाहिरात असेल असं समजून तिने आपल्या नवऱ्याची कातडी वीस-वीस लिटरच्या बादल्यांत भरून दिली होती.

दुकानात एक मिसळवही असे. मिसळलेला रंग परत घेता येत नाही, म्हणून गिऱ्हाइकाने तो कुठे लावणार ते स्वतःच्या हाताने वहीत लिहायचं आणि पुढे सही करायची, हा तिथला नियम. एका गिऱ्हाइकाने बायकोला न विचारता दिवाणखान्यासाठी जांभळा नेला होता आणि दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन भांडायला आला होता, तेव्हापासूनची ही वही. चित्रकाराने तिच्यात दर वेळी एकच शब्द लिहिला होता, ‘भिंत’. कसली भिंत, एवढं विचारायला तिचं तोंड काही दुखलं नसतं. पण माणूस बोलका होता, आणि त्याच्या बोलण्यात ती गुंतली.

"मी चेहरा काढतच नाही," असं तो एकदा म्हणाला होता. "फोटोवर चौकोन आखायचे, भिंतीवर चौकोन आखायचे. या चौकोनातलं त्या चौकोनात. चौकोनात नाक आहे की नळ, ते बघायचंच नाही. बघितलं की हात बिघडतो."

तेव्हा तिला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.

आता तिच्या नवऱ्याविषयी. तो गाद्यांच्या कारखान्यात कामाला होता. कारखान्याला आग लागली तेव्हा वरच्या मजल्याच्या खिडकीत उभं राहून त्याने दोराने चार माणसं एकामागून एक खाली सोडली. पाचवा तो स्वतः, त्याला सोडायला वर कोणी उरलं नव्हतं. ही गोष्ट खरी आहे. शेडवालीने ती कधी नाकारली नाही, उलट कोणी सांगू लागलं की मान खाली घालून ऐकून घेतली. घरात तो तिची वेणी हाताला गुंडाळून तिला या खोलीतून त्या खोलीत ओढत न्यायचा, हीसुद्धा गोष्ट खरी आहे. ती मात्र कोणी विचारली नाही आणि तिने सांगितली नाही. तो गेल्यावर तेराव्या महिन्यात तिने केस मानेपर्यंत कापून टाकले. लोक म्हणाले, बिचारी, दुःखात.

मुलगी, बिट्टी, तो गेला तेव्हा तीन वर्षांची होती. तिला बाप आठवत नव्हता. शेडवालीने मनाशी ठरवलं होतं की तिच्याकडे बापाबद्दल वाईट बोलायचं नाही आणि चांगलंही बोलायचं नाही. पोरगी कोऱ्या पाटीने वाढू दे. आठ वर्षं हे निभावलं. आणि आता त्या पाटीवर सगळी वस्ती मिळून लिहायला बसली होती.

चित्र वरून खाली असं उतरत होतं: चेहरा, मग खांदा, मग कोपरातून वाकलेला हात, मुठीला दोन वेढे दिलेला तपकिरी दोर, आणि त्या दोराचं लोंबतं टोक माणसाच्या डोक्याच्या उंचीवर आणून सोडलेलं. खाली मोठ्या अक्षरांत ‘आपला दादा’. भिंत समितीने दारोदार फिरून हे काम उभं केलं होतं. समितीत तिची मोठी नणंद होती, आणि कारखान्याचा जुना मुकादम होता. दोराने खाली आलेल्या चौघांतला तो शेवटचा.

"तुला आधी सांगितलं असतं तर तू रडली असतीस," नणंद म्हणाली. पडदा पडल्यावर ती जिना चढून वर आली होती, डोळे पुसत. "म्हटलं, एकदम बघू दे."

"मला विचारायचं होतंत, वन्सं."

"विचारायचं काय त्यात? माझा सख्खा भाऊ तो. रक्ताचं नातं आहे माझं."

 आठ वर्षं गप्प बसायची सवय काही एका सकाळी मोडत नाही. शेडवालीने खिडकीला पडदा लावला. पण भिंतीवर ऊन पडलं की पडद्यातूनही तो चेहरा तांबूस उजळायचा आणि ओट्यावर त्याचा उजेड पडायचा. तिने जाड पडदा लावला. मग दिवसाही स्वयंपाकघरात दिवा लावावा लागायला लागला.

आठवड्याभरात वस्तीला वेड लागलं. लोक लांबून लांबून भिंत बघायला यायचे. किराणावाल्याने थंड पेयांचं कपाट बाहेर फुटपाथवर आणून ठेवलं. ज्या शेजाऱ्यांनी एके काळी भिंतीपलीकडून तिचं ओरडणं ऐकून रेडिओचा आवाज वाढवला होता, ते आता पाहुण्यांना खिडकी दाखवायचे, "ती बघा, तिथे राहते त्यांची मिसेस." तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. जिन्यात कोणी भेटलं की ती नाकासमोर बघून उतरायची आणि मागून कुजबुज यायची, किती शिष्ट आहे, एवढा मोठा मान मिळालाय तरी.

बिट्टी शाळेत जाताना भिंतीला हात करायची. आल्यावर सांगायची.

"आई, बाबा तापट होते का गं? आत्या म्हणते, तापट होते पण मनाने सोनं."

"हात धुऊन जेवायला बस."

"आत्या म्हणते, ज्याच्यावर जीव असतो त्याच्यावरच माणूस चिडतो."

शेडवालीच्या हातातला डाव भांड्यावर जोरात आपटला. पोरगी दचकली. हे बोलणं आज या पोरीच्या कानात पडतंय आणि दहा वर्षांनी कोणाचा तरी हात तिच्या अंगावर उठेल, तेव्हा ते तिला आठवेल. तेव्हा ही तो हात ओळखणार नाही, त्याला जीव लावणं समजेल. शेडवालीला स्वतःचं काही वाटत नव्हतं, तिचं होऊन गेलं होतं. पण हा एक विचार दिवसभर तिच्या डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी कामाला जाताना ती पहिल्यांदा भिंतीजवळ थांबली आणि नीट वर बघत राहिली. शर्ट ओळखीचा होता. हसूही ओळखीचं. हे ज्या फोटोवरून काढलं तो फोटो कुठला ते तिला आठवेना. मग तिची नजर दोरावर गेली.

दोर आणि वेणी लांबून सारखेच दिसतात. पण दोराला पीळ असतो, पेड एकाच दिशेने गुंडाळत जातात. वेणीचे पेड एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, मध्ये येऊन बसतात. रोज सकाळी बिट्टीची वेणी घालणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही. मुठीतून खाली येणाऱ्या त्या पहिल्या हातभर तुकड्यावर पेड डावीकडून येत होते आणि उजवीकडून येत होते. त्याच्या खाली, जिथे चित्रकाराने स्वतःच्या मनाने दोर लांबवला होता, तिथे सरळ पीळ सुरू झाला होता.

फोटो आठवला. कारखान्याची सहल होती. पायऱ्यांवर सगळे उभे होते, ती त्याच्या एक पायरी खाली. फोटो काढणाऱ्याने हसा म्हटलं आणि त्याने तिची वेणी मुठीला गुंडाळून वर ओढली होती. सगळे हसले. मुकादम त्याच्या शेजारीच उभा होता, तो तर पोट धरून हसला होता.

ती दुकानात गेलीच नाही. तशीच नणंदेकडे गेली.

"तो फोटो दाखवा, वन्सं."

"कशाला?"

"दाखवा."

नणंदेने कपाटातून चौकट काढली. फोटोत तो एकटा होता. डाव्या बाजूची कड तिरकी, कात्रीने कापलेली, आणि मुठीतून निघालेलं काहीतरी काळं त्या कडेपर्यंत जाऊन तुटलेलं.

"मी कुठेय यात?"

"तुझे डोळे मिटलेले आले होते. तोंड कसंतरी वेडंवाकडं. लावण्यासारखं नव्हतं ते, म्हणून कापलं. तुला फोटोचं भान कधी नव्हतंच."

"चित्रकाराला हाच दिलात?"

"हा कसा देईन? झेरॉक्स काढून दिली. काळी-पांढरी. त्यालाही बिचाऱ्याला पुरली."

म्हणजे असं झालं होतं. माणसाने दोराने चार जीव वाचवले, ही गोष्ट चित्रकाराने आधी ऐकली होती. मग हातात काळी-पांढरी झेरॉक्स आली. चौकोनात काय आहे ते बघायचंच नाही हा त्याचा बाणा, त्यामुळे जे दिसलं ते त्याने वर चढवलं, आणि रंग द्यायची वेळ आली तेव्हा गोष्टीतला दोर त्या मुठीत आणून ठेवला. वेणीला तपकिरी रंग दिला. तो रंग तिने मिसळला.

"वन्सं, ती माझी वेणी आहे."

नणंदेने चौकट छातीशी धरली.  मग म्हणाली, "थट्टा होती ती. सगळे हसत होते."

"तुम्हाला माहीत होतं."

"आता दोर आहे तो. सगळं गाव त्याला दोर म्हणतंय. तू उगाच काही उकरून काढू नकोस. तो गेला, तुझं काय वाईट झालं गं? नोकरी आहे, घर आहे, लोक मान देतात. कोणाच्या जिवावर?"

शेडवाली उठली. आणखी थांबली असती तर तिचा हात उठला असता, आणि तिला त्या घरच्यांसारखा हात उठवायचा नव्हता.

रविवारी दुपारी जे झालं ते झालं नसतं, तर कदाचित तिने पुन्हा मूग गिळले असते. माणसाचं काही सांगता येत नाही. पण जेवणं झाल्यावर बिट्टी मैत्रिणींबरोबर खाली गेली आणि खालून हसण्याचा गलका ऐकू आला, म्हणून शेडवालीने जाड पडदा बाजूला केला. भिंतीखाली पोरांचा एक नवा खेळ सुरू झाला होता. दोराचं टोक नेमकं हाताला येत होतं. एकेकाने त्याच्याखाली उभं राहायचं आणि आपल्याजवळचं काहीतरी त्या टोकाला लावून धरायचं, म्हणजे फोटोत दादा त्याला वर ओढून घेतोय असं दिसायचं. कोणी दप्तराचा पट्टा लावला, कोणी ओढणी. मग बिट्टीचा नंबर आला. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली, आपली लांब वेणी डोक्यावरून उचलून तिने दोराच्या टोकाला टेकवली, मान मागे टाकली, आणि फोटो छान यावा म्हणून डोळे मिटून घेतले.

"बाबा, ओढा," ती म्हणाली, आणि सगळ्या पोरी खिदळल्या.

शेडवालीने पडदा सोडला. दुकानाची एक किल्ली तिच्याकडे असायची. चौकात जाऊन तिने दुकान अर्धं उघडलं, काळा मिसळला. तिचे केस नुसते काळे नव्हते, उन्हात जरा तांबूस दिसायचे, म्हणून तिने त्यात तांबड्याचे तीन थेंब टाकले. वहीत ‘कुठे लावणार’ या रकान्यात ‘माझ्या केसांना’ असं लिहिलं आणि सही केली. दोन ब्रश घेतले, घरून स्वयंपाकघरातलं स्टूल घेतलं, आणि भर दुपारी भिंतीसमोर जाऊन ती स्टुलावर चढली.

"बाजूला हो," ती बिट्टीला म्हणाली.

सुरुवातीला कोणाला काही वाटलं नाही. शेडवाली आहे, नवऱ्याच्या चित्राला काही डागडुजी करत असेल. किराणावाल्याने तर विचारलं, "काय, रंग उडाला का?" हात पोचेल तिथपासून खालपर्यंत ती तपकिरीवर काळा चढवत गेली आणि सरळ पिळाच्या जागी पेड घालत गेली. डावा मध्ये, उजवा मध्ये. चित्र काढणं तिला येत नव्हतं, पण वेणी घालणं येत होतं. दोर टोकाला संपत होता, तिथे ती थांबली नाही. स्टुलावरून उतरून तिने त्याखाली एक डोकं काढलं, पाठमोरं. मधोमध भांग. वेणी वर ताणलेली, म्हणून मान मागे कललेली. मानेखाली पोलक्याचा गळा. डोकं जरा वाकडं आलं. ओळखू येण्यापुरतं मात्र बरोबर आलं, कारण गलका थांबला.

"ए, काय करतेयस?" कोणीतरी ओरडलं. "वेड लागलं का बाईला?"

"हटवा तिला. अरे, दादाच्या चित्राला काळं फासतेय."

"समितीला बोलवा."

दोघेतिघे पुढे आले. एकाने स्टूल लाथेने उडवलं. शेडवाली ब्रश घेऊन वळली आणि तिचा चेहरा बघून तो चार पावलं मागे सरकला. तेवढ्यात नणंद धावत आली, अनवाणी. तिने सरळ शेडवालीच्या दंडाला धरलं.

"लाज नाही वाटत? ज्याच्या नावावर जगलीस त्याला भर चौकात उघडा करतेस?"

"त्याला नाही करत, वन्सं. कात्रीने तुम्ही जे कापलंत ना, ते परत लावतेय."

"काय कापलं?" किराणावाला म्हणाला. "काय म्हणतेय ही?"

 गर्दीच्या मागे मुकादम उभा होता. म्हातारा झाला होता, काठी घेऊन चालायचा. त्याने भिंतीवर मूठ पाहिली, वेणी पाहिली, खालचं डोकं पाहिलं. समितीचा माणूस म्हणून लोकांनी त्याला वाट करून दिली. शेडवालीने त्याच्याकडे पाहिलं.

"मुकादम, तुम्ही होतात त्या फोटोत. सांगा यांना हे काय आहे."

मुकादमाने काठी या हातातून त्या हातात घेतली. "आता हे कशाला, बाई," तो पुटपुटला आणि त्याने नजर वळवली. लोकांना तेवढं पुरलं. शिव्या सुरू झाल्या, कृतघ्न, डोक्यावर परिणाम झालाय, दुसरा बघितला असेल कुठे. कोणीतरी पाण्याची बाटली फेकली, ती तिच्या पाठीवर लागली. तिने ब्रश डब्यात ठेवला, झाकण दाबून बसवलं, स्टूल उचललं आणि बिट्टीचा हात धरून ती जिना चढली. पाठीमागे ओरडा चालूच होता.

 घरी बिट्टीने आईच्या हाताला लागलेला काळा रंग रॉकेलच्या बोळ्याने पुसला. मग तिने स्वतःची वेणी पुढे घेतली, रबर काढलं आणि पेड सुटे करत बसली.

"आई, दुखायचं?"

आठ वर्षं जे उत्तर टाळलं ते इतकं लहान असेल असं शेडवालीला वाटलं नव्हतं. "हो," ती म्हणाली.

"रोज?"

"रोज नाही. कधी दुखणार ते माहीत नसायचं."

बिट्टीने मान हलवली. थोड्या वेळाने ती उठली, खिडकीपाशी गेली आणि तिने समोर बराच वेळ बघितलं. "आणि त्या चार माणसांना त्यांनी खरंच सोडलं खाली?"

"खरंच."

"मग मी काय म्हणू त्यांना?"

"मला अजून ठरवता आलेलं नाही," शेडवाली म्हणाली. "तुला ठरवता आलं तर मला सांग."

सोमवारी तिला कामावरून काढतील अशी तिची खात्री होती. मालकाने तोंड वाकडं केलं, दोन गिऱ्हाइकं दारातूनच परत गेली, पण शेडचं टेबल दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. अकराच्या सुमाराला मुकादम आला. समितीने त्याला चिठ्ठी देऊन धाडलं होतं. दोराचा तपकिरी, पाच लिटर. चित्रकार गेला होता, आणि तो रंग कुठल्या मापाचा हे वस्तीत एकाच बाईला ठाऊक होतं. रागाच्या भरात हे समितीच्या लक्षात आलं नव्हतं, म्हणून आता म्हाताऱ्याला पुढे केलं होतं.

शेडवालीने चिठ्ठी वाचली आणि डबा उघडला. तपकिरी, पिवळ्याचे दोन थेंब, काळ्याचा एक. ढवळलं, झाकणावर बोटभर रंग लावून दाखवला. हुबेहूब तोच. मग तिने मिसळवही उघडून त्याच्यासमोर सरकवली आणि वर पेन ठेवलं.

"कुठे लावणार ते लिहा. सही करा. मग न्या."

मुकादमाने पेन उचललं. रकान्यात वरच्याच ओळीत तिच्या हातचं ‘माझ्या केसांना’ होतं, ते त्याने वाचलं. पेन तसंच हातात राहिलं.

"त्याने मला खाली सोडलं, बाई," तो म्हणाला. "मी शेवटचा होतो. वर धूर होता. तो म्हणाला, डोळे मिटून घे. मला त्याचा हात अजून दिसतो."

"मलाही दिसतो."

"मी त्याच्याविरुद्ध कसं जाऊ?"

"जाऊ नका. तुमचा दोर खरा होता, मुकादम. तो आगीत जळाला. भिंतीवरचा तुमचा नाही, माझा आहे." तिने वहीवर बोट ठेवलं. "दोर झाकायला रंग नेताय की वेणी? जे असेल ते लिहा. खोटं लिहून इथे रंग मिळत नाही."

म्हाताऱ्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. बाहेर समितीतले दोघे त्याची वाट बघत उभे होते, एकाने काचेवर टकटक केली. मुकादम वहीवर वाकला आणि सावकाश, एक एक अक्षर दाबत त्याने लिहिलं. लिहून झाल्यावर आपलंच अक्षर तो पहिल्यांदाच बघत असल्यासारखा बघत राहिला.

"मी हसलो होतो," तो म्हणाला.

"हो. सगळ्यांत मोठ्याने."

त्याने पेन ठेवलं, काठी उचलली आणि बाहेर निघून गेला. डबा टेबलावरच राहिला. तपकिरी रंगाचा तो डबा दुकानात मागच्या फळीवर अजून आहे. वहीतही ती ओळ तशीच आहे, ‘कुठे लावणार’च्या पुढे दाबून लिहिलेल्या अक्षरात ‘शेडवालीच्या वेणीवर’, आणि सहीची जागा कोरी.